बेंजो

बेंजो : कळा दाबून व नखीने तारा छेडून वाजविण्याचे एक तंतुवाद्य. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत, ‘बेंजो’ या नावाने जे वाद्य ओळखले जाते, ते मूळ अमेरिकन बेंजोहून सर्वस्वी भिन्न आहे. अमेरिकन बेंजो आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यापासून उत्क्रांत झाला असून त्याला कातड्याने मढविलेले गोल कडे व लांब दांडी असते. कोकणपट्टीतील बेंजो म्हणजे मात्र बुलबुल तरंग या नावाने भारतभर परिचित असलेल्या पेटीवजा वाद्याचे विद्युत्‌-ध्वनिवर्धकाला जोडलेले रूप होय. लहान मुलांच्या व नवशिक्यांच्या हाती द्यावयाचे एक स्वस्त वाद्य क्रमाक्रमाने सुधारत जाऊन मिरवणुकीचे प्रमुख वाद्य कसे बनले, याचा इतिहास वाद्यशास्त्राच्या व समाजजीवनाच्या अशा दोन्ही दृष्टींनी उद्‌बोधक आहे. पनवेल, उरण व अलिबाग या तालुक्यांतील गावांमध्ये लग्नाची हळद, वरात, गणपतीचे आगमन व विसर्जन, ग्रामदेवतेची पालखी यांसारख्या प्रसंगी बेंजो पथक, म्हणजे बोलीभाषेतील ‘बेंजो पार्टी’, हे नेहमीचे दृश्य आहे.

उगम व प्रसार : या वाद्याचा उगम जपानमधील नागोया शहरात झाला. मोरिता गोरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने १९१२ मध्ये ते तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवटीला आरंभ झाल्यामुळे वाद्याला ‘ताइशोगोतो’ म्हणजे ताइशो काळातील कोतो असे नाव मिळाले. निगेनकिन या पारंपरिक दोन तारी वाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळांची जोड देणे, ही त्यामागील मूळ कल्पना. कळांवर अंक लिहिलेले असल्याने स्वरलिपी न जाणणाऱ्यालाही अंक पाहून गाणे वाजविता येई. वाद्य हलके, स्वस्त व थोड्या सरावाने साधणारे असल्यामुळे ते अल्पावधीत घरोघर पोहोचले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात व्यापारी व खलाशी यांच्यामार्फत ते आशिया व आफ्रिका खंडांच्या किनाऱ्यांवर पसरले. भारतात त्याला बुलबुल तरंग हे नाव मिळाले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले; तेथे पेटीची लांबी सु. एक मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि स्थानिक लोकसंगीतात त्याला मानाचे स्थान लाभले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील तारब संगीतातही ते आढळते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर याच जातीच्या वाद्याला ‘मंडालिओंग’ म्हणतात. हे नाव उघडच मँडोलिनवरून आलेले आहे. एका ठिकाणी बेंजो, दुसऱ्या ठिकाणी मँडोलिन अशी परक्या वाद्यांची नावे या पेटीला चिकटली, यावरून नखीने छेडलेल्या पोलादी तारांचा टणत्कारी ध्वनी हेच लोकांना त्याचे ओळखचिन्ह वाटले असावे, असे अनुमान करता येते.

रचना : बुलबुल तरंगाची पेटी लांबट, आयताकार व आतून पोकळ असते. तिच्या वरच्या फळीला, सतारीच्या परिभाषेत सांगावयाचे तर तबलीला, ध्वनी बाहेर पडण्यासाठी एक वा अधिक छिद्रे ठेवतात. एका टोकाला तारा अडकविण्याच्या खिळ्या व दुसऱ्या टोकाला त्या ताणण्याच्या खुंट्या असतात. मधल्या भागात धातूचे पडदे बसविलेले असून त्यांवर कळांची ओळ असते. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्याखालील धातूची पट्टी तारांना पडद्यावर दाबते, त्यामुळे तारेची कंप पावणारी लांबी कमी होते व अपेक्षित स्वर मिळतो. उजव्या हातातील नखीने तारा छेडतात. मुख्य तारा साधारणतः दोन असून त्या एकाच स्वरात मिळवितात. त्यांच्या बाजूला, कळांच्या कक्षेबाहेर, आधारस्वराच्या काही तारा असतात. त्या तंबोऱ्याप्रमाणे षड्‌ज-पंचमाची साथ देतात. वाद्याचा पल्ला सु. दोन सप्तकांचा असतो.

ही रचना नवशिक्याला सोयीची असली, तरी तिच्यातच वाद्याच्या मर्यादाही आहेत. पडदे समविभाजित स्वरसप्तकाप्रमाणे कायमचे बसविलेले असल्याने श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. तार बोटाने प्रत्यक्ष दाबली जात नसल्यामुळे मींड, गमक व आंदोलन यांना जवळजवळ वाव राहत नाही. हार्मोनियमवरही असाच आक्षेप घेतला गेला होता व त्यापायी १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर ते वाद्य वर्ज्य होते. बुलबुल तरंगाच्या बाबतीत असा वादच झाला नाही. कारण अभिजात संगीताच्या बैठकीत त्याला गांभीर्याने कोणी घेतलेच नाही. त्याचे भवितव्य बैठकीबाहेर, रस्त्यावर ठरावयाचे होते.

ध्वनिसुधारणेची तत्त्वे : साध्या तंतुवाद्याचा ध्वनी सुधारण्याचे मार्ग सर्वत्र सारखेच आहेत. मँडोलिनचे उदाहरण या संदर्भात मार्गदर्शक ठरते. नेपल्स येथील पास्क्वाले विनाचिया याने सु. १८३५ मध्ये मँडोलिनला पोलादी तारा व यांत्रिक खुंट्या यांची जोड दिली. ऑर्व्हिल गिब्सन याने १८९८ मध्ये व्हायोलिनप्रमाणे कोरलेल्या फुगीर तबलीच्या रचनेचे एकस्व मिळविले, आणि १९२२ मध्ये गिब्सन कंपनीतील लॉइड लोअर याने एफ्-५ हा नमुना सिद्ध केला. भारतात उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विद्युत्‌ मँडोलिनवरील जोडतारांऐवजी एकेरी पाच तारा योजून ते कर्नाटक संगीतातील गमकांना अनुकूल करून घेतले. मुंबईत सज्जाद हुसेन (१९१७–९५) यांनी मात्र जोडतारांच्या साध्या मँडोलिनवरच हिंदुस्थानी रागसंगीत वाजवून दाखविले. वाद्य बदलून गायकी साधणे आणि हात बदलून गायकी साधणे, असे हे दोन मार्ग होत. कळांच्या वाद्यात हाताला फारसा वाव नसल्यामुळे बेंजोवादकांना पहिलाच मार्ग धरावा लागला.

(१) तारा : दिलेल्या लांबीच्या तारेचा स्वर तिच्या ताणाच्या व जाडीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. तारेचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला व स्वर तोच ठेवला, तर ताण एकवीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. जास्त ताणामुळे ध्वनी भरदार व स्थिर होतो, परंतु कमकुवत पेटी वाकते, खुंट्या घसरतात आणि कळ दाबण्यास अधिक जोर लागतो. म्हणून जुन्या, गंजलेल्या तारा काढून एकसारख्या जाडीच्या नव्या पोलादी तारा चढविणे ही सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत परिणामकारक सुधारणा असते. जाडी वाढविणे ही त्यापुढची व जोखमीची पायरी होय.

(२) घोडी व पडदे : स्वस्त वाद्यांचा खरा दोष आवाजाच्या लहानपणात नसून बेसूरपणात असतो. मोकळ्या तारेची लांबी ४० सेंमी. धरल्यास पहिला पडदा टोकापासून सु. २·२ सेंमी. वर व बारावा बरोबर २० सेंमी. वर यावयास हवा. घोडी केवळ २ मिमी. सरकली तरी मोकळ्या तारेच्या स्वरात सु. ९ सेंटांचा, तर बाराव्या पडद्यावरील स्वरात सु. १७ सेंटांचा फरक पडतो (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). मोकळी तार पुन्हा मिळवून घेतली, तरी वरच्या सप्तकात आठ-नऊ सेंटांचा बेसूरपणा उरतोच. शिवाय कळ दाबताना तार किंचित ताणली जाऊन स्वर चढतो. त्याची भरपाई करण्यासाठी घोडी हिशेबाच्या जागेपेक्षा थोडी मागे ठेवावी लागते. जाणकार वादक मोकळ्या तारेचा स्वर व बाराव्या पडद्यावरील स्वर ताडून पाहून घोडीची जागा निश्चित करतो. या दुरुस्तीस एक पैसाही लागत नाही. लागतो तो कान.

(३) कळा : कळ दाबताना व सोडताना होणारा खटखटाट हा या वाद्याचा दुसरा जन्मजात दोष. कळांखाली नमद्याचे वा लोकरी कापडाचे तुकडे चिकटविणे, सैल झालेल्या स्प्रिंगा बदलणे व दाबपट्टीची कड घासून सारखी करणे, असे उपाय त्यावर योजतात. दाबपट्टी वाकडी असेल, तर दोन तारांपैकी एकच नीट दाबली जाते व स्वर बसका किंवा झणझणीत येतो.

(४) पेटी : पातळ व एकसंध लाकडाची तबली ताराकंपांना चांगला प्रतिसाद देते, जाड प्लायवूडची तबली ध्वनी गिळते. तथापि हा नियम विजेचा आधार न घेणाऱ्या वाद्यापुरताच खरा आहे. वाद्याला ध्वनिवर्धक जोडला की गणित उलटे होते. कर्ण्यातून निघालेला मोठा ध्वनी पोकळ पेटीला पुन्हा कंपित करतो, तो कंप पुन्हा वर्धित होतो व तीव्र शिट्टी बसते. त्यामुळे विद्युत्‌ वाद्यासाठी भरीव वा जाड फळीची पेटी अधिक उपयुक्त ठरते.

विद्युतीकरण : पोलादी तारेच्या कंपनामुळे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विद्युत्‌ प्रवाह निर्माण होतो, या तत्त्वावरील पहिली यशस्वी विद्युत्‌ गिटार अमेरिकेत १९३१ मध्ये जॉर्ज बोशां याने तयार केली. हेच तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुलबुल तरंगाला लागू झाले. पेटीला चिकटवावयाचे स्पर्शग्राहक व तारांखाली बसवावयाचे चुंबकीय पिकअप असे दोन प्रकार त्यासाठी वापरतात. पहिला प्रकार बसविण्यास सोपा असला, तरी तो पेटीचा प्रत्येक कंप टिपतो; साहजिकच कळांचा खटखटाटही वर्धित होऊन ऐकू येतो. चुंबकीय पिकअप मुख्यत्वे पोलादी तारांच्याच कंपांना प्रतिसाद देतो, त्यामुळे स्वर स्वच्छ येतो. मात्र पितळी तारा त्याला जवळजवळ ऐकूच येत नाहीत. पिकअप घोडीजवळ बसविल्यास ध्वनी तीक्ष्ण व कळांच्या बाजूला सरकविल्यास गोलसर होतो. ढोल-ताशांच्या कल्लोळातून सुरावट वेगळी ऐकू येण्यास तीक्ष्ण ध्वनीच उपयोगी पडतो.

आधारस्वराच्या तारांची स्थितीही यामुळे बदलली. घरगुती बुलबुल तरंगात त्या वाद्याचा गाभा भरून काढीत. वर्धित ध्वनीत त्यांचा सततचा गुंजारव सुरावट झाकोळू लागतो, म्हणून मिरवणुकीच्या वाद्यात त्या कमी करण्याकडे किंवा न छेडण्याकडे कल दिसतो. आवाज वाढला, परंतु स्वराखालचा आधार गेला, असे या सुधारणेचे जमाखर्ची स्वरूप आहे.

बेंजो पथक : पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर व बोरघाटाच्या पायथ्याकडील पेठ. घाटावरून येणाऱ्या गाडीवानांसाठी बैलगाडीची चाके बनविण्याचा व्यवसाय येथे एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आला होता. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली व २०१६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. सभोवतालच्या गावांत आगरी, कोळी व कराडी समाजांची वस्ती असून भातशेती, मिठागरे व मासेमारी हे त्यांचे परंपरागत व्यवसाय होत. या समाजांच्या विधींना संगीताची साथ पूर्वीपासून आहे. लग्नात धवलारीण धवला गाते. वरातीत व पालखीत सनई, ढोल, टिमकी व झांज यांचा बाजा असे. शहरालगतच्या भागात पितळी वाद्यांचा बँडही आला.

बेंजो पथकाने या दोन्हींची जागा पुष्कळ अंशी घेतली. बँडला कर्णे व सनया फुंकणारे अनेक कसबी वादक लागत; बेंजो पथकात एकच वादक संपूर्ण सुरावट सांभाळतो. तो गळ्यात पट्टा अडकवून वाद्य पोटाशी आडवे धरतो, किंवा ते तिवईवर ठेवतो. ध्वनिवर्धक, कर्णे व विजेची सोय हातगाडीवर अथवा टेंपोत असते. जोडीला ढोल, ताशे, झांजा व पुढील काळात विद्युत्‌ कळफलक आणि तालाचे विद्युत्‌ पॅड आले. कोळीगीते, भक्तिगीते व चित्रपटगीते हा त्यांचा मुख्य संग्रह. वादक बहुधा गावातीलच तरुण असतात. स्वरलिपीपेक्षा कानाने ऐकून व ज्येष्ठ वादकाशेजारी उभे राहून ते शिकतात. घरी आणलेल्या साध्या बुलबुल तरंगावर बोट बसवावे, मग त्याच्या तारा बदलाव्यात, मग पिकअप बसवावा व अखेरीस मिरवणुकीचे भरीव वाद्य घ्यावे, हा शिक्षणाचा व वाद्यसुधारणेचा एकत्रित क्रम होय. मिरजेला सतार-तंबोऱ्याच्या कारागिरीची पिढीजात परंपरा असून तेथील या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बेंजोमागे असे घराणे नाही. त्याची सुधारणा वादक, सुतार व ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे कारागीर यांच्या परस्पर व्यवहारातून झाली आहे. २०१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या, रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ या हिंदी चित्रपटाने या पथकांचे जीवन प्रथमच मोठ्या पडद्यावर मध्यवर्ती विषय म्हणून आणले.

सामाजिक स्थित्यंतर : १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. शेती व मिठागरे गेली, परंतु गावठाणे, ग्रामदेवता व लग्नविधी राहिले. पूर्वी ज्या गावाच्या चारी बाजूंना भातखाचरे होती, त्याच्या भोवती बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबलने उतरते. दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या गल्लीत ती तशी उतरत नाही. तीच वरात, तोच बेंजो, पण ऐकणारे आता गावकीबाहेरचेही झाले.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. काही सणांच्या दिवशी, वर्षातून पंधरा दिवसांच्या मर्यादेत, राज्य शासनाला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हळदीचा समारंभ रात्रीचाच असल्याने या नियमांची झळ बेंजो पथकांना थेट पोहोचते. दुसऱ्या बाजूने ध्वनिमुद्रित संगीत वाजविणाऱ्या ‘डीजे’ची स्पर्धा आहे. प्रवर्धकाची शक्ती दसपट केली की पातळी १० डेसिबलने वाढते व कानाला आवाज सु. दुप्पट वाटतो, या शर्यतीत जिवंत वादकाला यंत्रापुढे टिकाव धरणे अवघड आहे.

याहून सूक्ष्म प्रश्न गावाच्या आतला आहे. धवलारणीचे गाणे ध्वनिवर्धकाविना गायिले जाते. त्याला मंडपात शांतता लागते. विधीच्या वेळी वाद्य थांबविण्याचा संकेत पाळला गेला, तर धवला व बेंजो एकाच लग्नात सुखाने नांदतात. तो पाळला गेला नाही, तर शब्द व विधी यांनी जडलेली मौखिक परंपरा ऐकू न येताच विरून जाण्याचा धोका असतो.

मूल्यमापन : नवशिक्यांसाठी निर्माण झालेल्या वाद्याने एका समाजाच्या आनंदप्रसंगी अग्रस्थान मिळवावे, ही वाद्येतिहासातील असामान्य घटना आहे. अभिजात संगीताच्या निकषांवर बेंजो उणा ठरतो. परंतु मोठ्या समूहाला एका सुरावटीवर पावले टाकावयास लावणे हे त्याचे कार्य तो समर्थपणे पार पाडतो. त्याच्या सुधारणेचा आजवरचा भर प्रामुख्याने आवाज वाढविण्यावर राहिला आहे. घोडीची अचूक जागा, सारख्या दाबाच्या कळा व स्वच्छ पिकअप या कमी खर्चाच्या गोष्टींकडे तितकेच लक्ष दिल्यास कमी आवाजातही सुरावट उठून दिसते. कारण बेसूर ध्वनी स्पष्ट करण्यासाठी तो मोठा करावा लागतो, सुरेल ध्वनीला ती गरज कमी भासते. नियमांच्या मर्यादेत राहून पथकांनी आपली उपजीविका टिकविण्याचा आणि धवल्याच्या गाण्याला त्याची जागा परत देण्याचा मार्गही त्याच दिशेने जातो.